एकशे बारा तारांची गाडी

माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, म्हणजे आमचे दाजी, चौतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये तारा जोडत होते. लग्न ठरवताना आम्हाला सांगितलं होतं की मुलगा अबोल आहे. किती अबोल, ते सांगायचं राहून गेलं. मी मेहुणी, त्यामुळे त्यांना चिडवण्याचा हक्क माझा, आणि तो मी एक दिवसही वाया घालवला नाही. त्यातून मी गणिताची मास्तरीण. दुसऱ्याच्या चुका शोधण्याचा मला अठ्ठावीस वर्षं पगार मिळाला. अशा माझ्यासारख्या बाईला ज्या एका माणसापुढे गप्प बसावं लागलं, त्याची ही हकीकत आहे.

दाजींचं काम मी एकदाच जवळून पाहिलं होतं, एक्स्चेंज जुन्या इमारतीतून नव्या इमारतीत हलवत होते तेव्हा. मनगटाएवढी जाड केबल सोलली की आतून शेकडो बारीक तारा बाहेर पडायच्या आणि प्रत्येक तार तिच्या रंगावरून ओळखायची. निळा, नारिंगी, हिरवा, तपकिरी, राखाडी. हा क्रम ते झोपेत म्हणतात, असं ताई शपथेवर सांगते. तारांचा जुडगा मेण लावलेल्या दोऱ्याने बांधायचा, बोटभर अंतरावर एक गाठ, आणि सगळ्या गाठी एका ओळीत. मी विचारलं, "दाजी, हे यंत्रांच्या कपाटामागे कोण बघायला येणार आहे?" ते म्हणाले, "जो दुरुस्तीला येईल तो." मी हसले होते. तेव्हा मला ते नुसतं टापटिपीचं वेड वाटलं.

त्यांना एकच मुलगी. ती जनावरांची डॉक्टर झाली आणि डोंगराच्या पायथ्याच्या दवाखान्यात तिने नेमणूक घेतली. मिळाली म्हणून नव्हे, मागून घेतली. डांबरी रस्ता त्या दवाखान्याच्या दारात संपतो. पुढे दगडधोंड्यांची वाट, दोन ओढे, आणि वर विखुरलेल्या आठ वस्त्या. तिथल्या शेळ्यामेंढ्यांना द्यायची लस थंड ठेवावी लागते. तिच्या आधीचा डॉक्टर बर्फाच्या डब्यातून लस घेऊन पायी जायचा, आणि तिसऱ्या वस्तीपर्यंत पोचेतो डब्यात नुसतं कोमट पाणी उरायचं. वरच्या पाच वस्त्यांनी लस कधी पाहिलीच नव्हती. भाचीने ते एकदा पाहिलं आणि एका खाणीतून मोडीत काढलेली जुनी गाडी विकत घेऊन थेट बापाच्या दारात आणून उभी केली. चारही चाकांना इंजिनाची ओढ असलेली, उंच, चौकोनी, रंग उडालेली.

दाजींनी बॉनेट उघडलं, आत पाहिलं आणि मिटलं. मग पुन्हा उघडलं. आत तारांचा नुसता गुंताडा होता. कुठेही पीळ मारून चिकटपट्टी गुंडाळलेली, पट्टीचा डिंक वितळून खाली ओघळलेला. एक तार तर कुठूनच आली नव्हती आणि कुठेच जात नव्हती. हॉर्न दाबला की डावीकडे वळायचा दिवा लागायचा. भाची हसत होती. दाजी हसले नाहीत.

कोपऱ्यावरच्या गॅरेजातल्या वायरमनला बोलावलं. तो गडी कामाला चपळ. दोन दिवसांत करून देतो म्हणाला, आणि नमुना म्हणून तिथल्या तिथे दोन तारांना पीळ घालून, दातांनी पट्टी तोडून वर गुंडाळली. दाजींनी डोळे मिटून घेतले. मग त्याला चहा पाजला, आभार मानले आणि वाटेला लावलं. तो गेल्यावर ते ताईला जे म्हणाले, तेवढं एका दमात बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं.

"ती वर एकटी जाणार. दुसऱ्या वळणानंतर फोन लागत नाही. चौतीस वर्षं मी लोकांचे फोन लावून दिले, आणि माझीच पोर अशा जागी जाणार जिथून तिला हाक मारता येणार नाही. ही गाडी बंद पडता कामा नये. बाकी मला काही नको."

घराला लागून पत्र्याची शेड होती. त्यातल्या कुंड्या आणि सायकली बाहेर आल्या, गाडी आत गेली, आणि पुढचे सात महिने दाजीही आतच गेले म्हणायला हरकत नाही. जुन्या तारा त्यांनी एकूण एक काढून टाकल्या. गाडीच्या मापाचा कागद भिंतीवर चिकटवला आणि त्यावर नव्या तारांचा नकाशा काढला. मी रोज संध्याकाळी जायचे, सुरुवातीला केवळ खोड्या काढायला. दोन आठवड्यांत माझ्या हातात बॅटरीचा दिवा आला, आणि महिन्याभरात पट्ट्या. प्रत्येक तारेच्या दोन्ही टोकांना तिचा नंबर आणि तिचं काम लिहिलेली पट्टी बांधायची होती. दाजींचं अक्षर डॉक्टरालाही लाजवेल असं, म्हणून ते काम माझ्याकडे आलं. तारा एकशे बारा, पट्ट्या दोनशे चोवीस. शाळेतल्या फळ्यावरही मी इतकं नीटस लिहिलं नसेल.

तारांखेरीज बाकीची करामत वेगळीच. लस ठेवायचा छोटा फ्रिज खडबडीत वाटेवर बाहेर ओढता यावा म्हणून दाजींनी ताईच्या जुन्या फायलींच्या कपाटाचे खणच रुळांसकट उचलून गाडीत बसवले. ताईने आठवडाभर अबोला धरला. दाजींना त्याचा पत्ताच लागला नाही. ओढ्याच्या पाण्यात इंजिनाचा श्वास कोंडू नये म्हणून काचेच्या बाजूने टपापर्यंत एक उंच नळी नेली, ती गटाराच्या पाइपाची होती. हे मी गल्लीभर सांगितलं. बटणांची पाटी एक्स्चेंजमधल्या भंगारात काढलेल्या लोखंडी दाराची. तिच्यावर पितळी कड असलेला काट्याचा जुना मीटर. फावडं, दोर आणि पाण्याचा डबा बाहेरच्या बाजूला अशा खाचांत बसवले की अंधारात चाचपडूनही हाती यावेत. पेट्रोलचा जुना पंप काढून विजेवरचा बसवला, टाकीजवळ, गाडीच्या पोटाखाली.

सहाव्या महिन्यात त्यांनी बटणांची पाटी पुढे झुकवून मला मागची बाजू दाखवली. मी काहीतरी टोमणा तयार ठेवला होता, तो तोंडातच राहिला. एकशे बारा तारा, एकही दुसरीला ओलांडत नव्हती. जिथे वळायचं तिथे सगळ्या मिळून वळत होत्या, जिथे एकीला बाहेर पडायचं तिथे ती गाठीच्या नेमक्या शेजारून बाहेर पडत होती. सगळ्या गाठी एका ओळीत, आणि प्रत्येक टोकाला माझं अक्षर. मी हात पुढे केला आणि मागे घेतला, बोटाचा डाग पडेल असं वाटलं म्हणून. भूमितीतली सुबक सिद्धता वाचताना तरुणपणी मला जसं व्हायचं तसं त्या शेडमध्ये झालं. आपल्या घरात, आपल्याबरोबर जेवायला बसणारा माणूस हे करू शकतो, आणि आपण त्याला तीस वर्षं नुसते चिडवत आलो, या विचाराने मला लाज वाटली. तसं मी त्यांना सांगितलंही. ते म्हणाले, दिवा जरा डावीकडे धरा.

मग तो रविवार आला. भाची सुट्टी काढून आली होती. शेडमध्ये ताई, ती आणि मी, अशा तिघी उभ्या. गाडीत बॅटऱ्या दोन होत्या. पुढची इंजिनाची, मूळचीच. मागची दाजींनी नव्याने बसवलेली, फ्रिज आणि कामाच्या दिव्यांसाठी. मागच्या बॅटरीवर दिवे आदल्या दिवशीच लावून पाहिले होते, लख्ख लागले होते. आता फक्त दोन्ही बॅटऱ्या एकमेकींना जोडायच्या, म्हणजे इंजिन चालू असताना मागचीही भरत राहील. दाजींनी शेवटची तार बॅटरीच्या खिळ्याला टेकवली.

फाटकन आवाज झाला. निळा लोळ उठला आणि शेडमध्ये जळकट वास भरला. ताई किंचाळली. बॅटरीला लागून दाजींनी मोठा फ्यूज बसवला होता, तो वितळून गेला आणि म्हणून बाकीचं सगळं वाचलं. कोणालाही इजा झाली नाही. दाजी मात्र हातातल्या तारेकडे बघत तसेच उभे होते. मग खाली वाकून मागच्या बॅटरीची जोडणी पाहिली आणि त्यांचा चेहरा पांढरा पडला.

चूक काय होती ते त्यांनी त्याच संध्याकाळी मला समजावलं. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये बॅटरीची अधिक बाजू जमिनीला जोडतात. ओल्या मातीतल्या तारा झिजून जाऊ नयेत म्हणून ती रीत पडली. गाडीत नेमकं उलट. तिथे उणे बाजू पत्र्याला. दाजींना हे ठाऊक नव्हतं असं नाही. भिंतीवरच्या नकाशात त्यांनी बरोबरच काढलं होतं. पण बॅटरी बसवताना त्यांनी नकाशाकडे पाहिलं नाही, हाताला सवयीचं होतं तसं हाताने केलं. दिवे काय, उलटसुलट कशीही वीज आली तरी लागतात, त्यामुळे आदल्या दिवशी काही कळलं नाही. आणि त्या तारेची पट्टीही मीच लिहिली होती, 'अधिक, पत्र्याला'. ते सांगत गेले, मी सुंदर अक्षरात लिहीत गेले. जन्मभर चुका पकडणाऱ्या बाईने ही एवढी मोठी चूक दोनदा लिहिली, दोन्ही टोकांना.

मी म्हटलं, फ्यूज बदलू, बाजू फिरवू, अर्ध्या तासाचं काम. ते मान हलवत राहिले. माझा हात माझ्या नकळत काय करतो हे मला आता सांगता येणार नाही, म्हणाले. एक चूक दिसली. न दिसलेली कुठे असेल आणि ती वर डोंगरात, पोरगी एकटी असताना उघडी पडली तर? त्यांनी शेडला कुलूप लावलं. सोमवारी गॅरेजातल्या त्या वायरमनला बोलवा, सगळं काढून पुन्हा करू दे, असं ताईला सांगितलं. त्याची ती चिकटपट्टी माझ्या कलाकुसरीपेक्षा भरवशाची, असंही म्हणाले. त्या माणसाला मी थकलेला पाहिला होता, हरलेला कधी पाहिला नव्हता.

सोमवारी वायरमन आला खरा, पण भाचीने त्याला दारातूनच परत पाठवलं. तिने सुट्टी वाढवून घेतली होती. शेडची किल्ली बापाच्या खिशातून काढून घेतली, आत एक स्टूल ठेवलं आणि त्यांना हात धरून त्यावर बसवलं.

"बाबा, गाडीत कोण बसणार आहे? मी. मग तारा मी जोडणार. तुम्ही इथे बसून सांगायचं. हात लावायचा नाही."

"तुला येत नाही."

"म्हणूनच तर. तुमच्या हाताला जुनी सवय आहे. माझ्या हाताला कसलीच नाही."

दाजींनी बोटाने भिंतीवरच्या नकाशातली पहिली तार दाखवली.

पुढचे बारा दिवस मी जे पाहिलं ते सात महिन्यांच्या कामाहूनही मोठं होतं. एकशे बारा तारांची प्रत्येक जोडणी पोरीने सोडवली, नकाशाशी ताडून पाहिली आणि पुन्हा जोडली. दाजी स्टुलावर, दोन्ही तळवे मांड्यांखाली दाबून. एकदा तिची तार निसटली तेव्हा ते अर्धे उठले, तिने नुसतं पाहिलं, आणि ते पुन्हा बसले. ते सांगायचे: तारेचं टोक सोल, आतले धागे पंख्यासारखे पसर, दोन टोकांचे धागे एकमेकांत गुंतव, वर बारीक तांब्याची तार घट्ट गुंडाळ, मग ओढून बघ. ती करायची. ते लांबूनच बघून म्हणायचे, "पुन्हा." रागावून नाही, अगदी हळू. पहिल्या दिवशी त्यांनी 'पुन्हा' किती वेळा म्हटलं ते मी मोजायला लागले आणि साठाच्या पुढे सोडून दिलं. मेंढ्यांची अडलेली बाळंतपणं करणाऱ्या पोरीचे हात ते, चिवट. बाराव्या दिवशी ते दिवसभरात दोनदाच म्हणाले.

त्या चुकीच्या तारेची पट्टी मी नव्याने लिहिली. या वेळी लिहिण्याआधी नकाशाशी जाऊन उभी राहिले, आणि दाजींनाही उभं केलं. मग दोन्ही बॅटऱ्या जोडताना भाचीने आम्हाला बाहेर जायला सांगितलं. दाजी गेले नाहीत. तार टेकली, काही आवाज झाला नाही, मीटरचा काटा सावकाश उजवीकडे सरकला. फ्रिज घुमू लागला.

दहा दिवसांनी ती लस भरून वरच्या आठ वस्त्यांना निघाली. तीन दिवसांची फेरी. पायथ्यापर्यंत फोन लागला, दुसऱ्या वळणानंतर बंद झाला, हे सगळं ठरल्याप्रमाणे. ताईने मला राहायला बोलावून घेतलं. पहिले दोन दिवस दाजींनी रिकामी शेड झाडली, आणि झाडून झाल्यावर परत झाडली. जेवायला बसत आणि उठत, ताट तसंच. डोळ्याला डोळा लागत नव्हता. तिसऱ्या दिवशी सकाळपासून ते फाटकाशी खुर्ची टाकून बसले. ती आली नाही. मी तोंडाने धीर देत होते, पण माझाही जीव टांगणीला लागला होता. त्या दिवशी त्यांनी एकच वाक्य उच्चारलं, आणि तेही माझ्याकडे न बघता. म्हणाले, मी गाडी वायरमनच्या हाती द्यायला हवी होती.

चौथ्या दिवशी दुपारी गल्लीच्या टोकाला ती उंच नळी दिसली. गाडी चिखलाने टपापर्यंत माखली होती. भाची खाली उतरली, केसांत माती, आणि उतरता उतरताच सांगू लागली. आठही वस्त्या झाल्या, एकही बाटली वाया गेली नाही. वर एक नववी वस्ती निघाली, ती कोणाच्याच यादीत नव्हती, तिथे लस टोचायला एक दिवस जास्त लागला. आणि हो, पहिल्या दिवशी दुसऱ्या ओढ्याच्या वरच्या चढावर गाडी आचके देऊन बंद पडली होती. दिवस कलायला आला होता आणि आठ मैलांत माणूस नव्हतं. बटणांच्या पाटीमागे बघितलं, एक फ्यूज गेलेला. त्या तारेचा नंबर एकेचाळीस, पेट्रोलच्या पंपाची. मग गाडीखाली शिरून एकेचाळीस नंबर शोधत गेले, असं ती सांगत होती, एका टोकदार दगडाने ती तार कापून टाकली होती. जोडली, फ्यूज बदलला, निघाले.

"घाबरलीस?" ताईने विचारलं.

"जोड बांधेपर्यंत वेळच नव्हता. दोनदा तर मीच 'पुन्हा' म्हटलं."

दाजींनी हे सगळं ऐकलं की नाही कोण जाणे. त्यांनी तिच्या डोक्यावर ओझरता हात ठेवला, टॉर्च घेतला आणि अंगणातल्या मातीत पाठ टेकून गाडीखाली सरकले. फक्त चपला बाहेर. पाच मिनिटं झाली, दहा झाली. आम्ही एकमेकींकडे पाहिलं. या वयात मला जमिनीवर आडवं होणं शोभत नाही, पण मी झाले.

ते उताणे पडून वर बघत होते. एकेचाळीस नंबरच्या तारेवर बोटभर लांबीचा एक जोड होता. वरची तांब्याची तार वेढ्याला वेढा लागून गुंडाळलेली, त्यावर मेणाचा दोरा, आणि तीन गाठी, तिन्ही एका ओळीत. उतरत्या उन्हात, दगडांवर पडून, एकटीने केलेला. दाजींनी अंगठा त्यावरून हळूच फिरवला. ते म्हणाले, चौतीस वर्षांत मी स्वतःच्या जोडाखेरीज दुसऱ्या कोणाचाच जोड ठेवला नाही, दिसला की कापून नव्याने करायचो. मी वाट बघत होते की आता पक्कड मागतील. त्यांनी टॉर्च विझवला.

"हा राहू दे," ते म्हणाले. "आता मला झोप लागेल."

मला वाटलं, रात्रीचं म्हणताहेत. पण मी कशीबशी बाहेर येऊन अंग झटकते तोवर ते तिथेच, गाडीच्या पोटाखाली, दोन्ही हात छातीवर ठेवून झोपून गेले होते. ताई त्यांना उठवायला निघाली, भाचीने तिला थांबवलं. तिने आपलं जॅकेट काढलं, त्याची घडी केली आणि आत हात घालून बापाच्या डोक्याखाली सरकवली. ताट झाकून ठेवून आम्ही तिघी ओट्यावर बसून राहिलो, आणि संध्याकाळपर्यंत कोणी गाडी हलवली नाही.